सरांनी न दिलेला सल्ला

आदरणीय भगवानराव केंद्रे सर साठ वर्षांचे होत आहेत. गौरवग्रंथासाठी मीही लिहावे असे संपादकांनी कळवले, तेव्हा आधी संकोच वाटला, कारण मी त्यांची कार्यालयातली सहकारी नाही. सर हिंजवडीजवळच्या आमच्या जांबे गावातल्या घरी वरच्या खोलीत भाडेकरू होते. ओळख तिथून सुरू होते.

मी तेव्हा सातवीत होते. कुटुंब लातूरला ठेवून सर हिंजवडीत बदलीवर आले होते. माझ्या आईवडिलांना लिहिता-वाचता येत नाही. घरात शाळेत गेलेली मी पहिलीच. भाडेकरारावर अंगठा उठवायला वडिलांनी हात पुढे केला, तो सरांनी थांबवला आणि सगळा करार मोठ्याने वाचून दाखवला. भाडेकरूला, म्हणजे स्वतःलाच, गैरसोयीची कलमे तर दोनदा वाचली.

"आवो, तुमी काय फसवताय व्हय?" वडील म्हणाले.

"मी नाही फसवणार, भाऊ. पण माझ्यानंतर कोण येईल, सांगता येतं का? ऐकून घ्यायची सवय लावा."

सर बँकांसाठी प्रोग्रॅम लिहीत. दर रविवारी ओट्यावर बसून, त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर, त्यांनी मला ते काम शिकवले. त्यांची एक पद्धत होती. आपण बनवलेली गोष्ट आधी, ज्याला ती मुळीच माहीत नाही अशा माणसाच्या हातात द्यायची आणि आपण हाताची घडी घालून गप्प बसायचे. मी मदतीला बोट दाखवले की त्या दिवशीचा धडा बंद.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी भातलावणीचा खेळ बनवला. खाचरात जितके पाणी, तितके गुण. सरांसमोर आईच्या हातात फोन दिला. तिने पहिल्याच झटक्यात बांध फोडून पाणी काढून दिले. गुण घसरले. मी ओठ आवळून बसले.

"ह्यो उलटा का मोजतोय?" आई म्हणाली. "एवढ्या पान्यात रोपं तगत्याल का? आन् म्हनं शेतकऱ्याची पोर."

सर इतके हसले की बशीतला चहा सांडला. मुळशीसारख्या भाताच्या तालुक्यात वाढून मी ही चूक केली होती. नियम बदलल्यावर आई चार दिवस तो खेळ खेळत होती, शेजारच्या काकूंनाही शिकवत होती. ते पाहून सर म्हणाले, "तुझं काम हेच." बावधनला त्यांच्या मित्राचा सहा जणांचा स्टुडिओ आहे, मोबाइलवरचे खेळ बनवणारा. तिथे त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला आणि मला बोलावणे आले.

त्याच आठवड्यात हिंजवडीच्या एका कंपनीतही माझी निवड झाली. काम विम्याच्या दाव्यांच्या प्रोग्रॅमचे. वडिलांचे म्हणणे सरळ होते. "लोकं इचारत्यात पोरगी काय करती. काय सांगू, खेळती म्हनून?" उत्तर द्यायला पाच दिवस होते. माझे चुकले तर धाकट्या बहिणीला कॉलेजला पाठवताना वडील दहादा विचार करतील, ही भीती होती.

मी सरांना म्हटले, "तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते करते."

"म्हणजे चुकलं की राग माझ्यावर. मी सांगणार नाही. माहिती मात्र सगळी देतो."

मित्राच्या स्टुडिओतला एक खेळ दोन वर्षे राबूनही बाजारात आलाच नाही आणि तिघांना दुसरीकडे जावे लागले, हे त्यांनी सांगितले. स्वतः इतकी वर्षे बँकांचे काम केले, पण त्यासाठी कुणी कधी आभार मानले नाहीत, घरी मात्र वेळेवर जाता आले, हेही सांगितले. मित्राची बाजू राखली नाही, स्वतःचीही नाही.

मी हिंजवडी निवडली. सर तोवर बावधनला राहायला गेले होते. त्यांच्या दारातच मी बोलून टाकले, आत गेले असते तर धीर सुटला असता.

"मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. आत ये," सर म्हणाले. पाणी दिल्यावर त्यांनी विचारले, "भीतीनं निवडलंस?"

"निम्मं भीतीनं, सर. निम्मं खरंच आवडलं. मुलाखतीत त्यांनी प्रोग्रॅममधली एक चूक शोधायला दिली होती, ती शोधताना वेळ कळला नाही."

"मग ठीक. पण माझ्या मित्राला नाही म्हणायचं, ते तुझ्या तोंडानं म्हण."

मी तिथेच फोन लावला. सर खिडकीबाहेर बघत बसले होते. एकही शब्द त्यांनी सुचवला नाही.

याला दोन वर्षे झाली. बहीण यंदा कॉलेजात गेली. 'पस्तावलीस का' असे सरांनी मला आजवर विचारलेले नाही, म्हणून उत्तर येथे लिहून ठेवते. पस्तावा नाही. कधी एखादा सुंदर खेळ हातात आला की हळहळ वाटते. दोन्ही खरे आहे.

सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांचे दुखरे गुडघे त्यांना साथ देवोत. माझे बरेच निर्णय अजून व्हायचे आहेत. ते विचारायला मी आता येणार नाही. घेऊन झाले की सांगायला येईन, तेव्हा प्रत्येक वेळी दार सरांनीच उघडावे, एवढीच इच्छा.