डोळ्याखालचा भोवरा

घोडीजवळ जाताना आमचे शेजारी आधी हाताची पाठ तिच्या नाकापुढे धरत आणि थांबून राहत. "घाई नाय. आपला वास कळू दे तिला." आमच्याकडे वाचायला पेपर मागायला आले, तरी बेल न वाजवता तसेच उभे. आई म्हणायची, "अहो, माणसांच्या घरी बोलायचं असतं!" अजूनही कोणी उभं असेल असं वाटून मी उगाच दार उघडते.

घाटकोपरच्या आमच्या गल्लीत, नाल्याकडच्या शेडमध्ये, ते वरातीची घोडी ठेवत. तुम्ही त्या भागातल्या एखाद्या वरातीत नाचला असाल, तर नवरदेव आठवत असेल. लगाम धरलेला माणूस आठवणार नाही. मलाही तो नीट दिसला तो सारंगखेड्यात.

म्हातारी घोडी पावसाळ्यात गेली होती. लगीनसराई सुरू झाली आणि शेड रिकामी. सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तिथून नवी आणायचं ठरलं. मला तिथलं एकमुखी दत्ताचं देऊळ बघायचं होतं, म्हणून वहिनींना, त्यांच्या बायकोला, सोबत म्हणून मी गेले.

तापीकाठी जिकडे बघावं तिकडे घोडे. दर्शनाच्या रांगेतही खिंकाळणं ऐकू येत होतं. दर्शन झाल्यावर बाजारात त्यांना एक पांढरी घोडी आवडली. शेजारी ढोल बडवला तरी न बिचकणारी. व्यापाऱ्याने दोघांच्या हातांवर रुमाल टाकला. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. तेवढा वेळ कोणी बोलत नाही.

वहिनी बोलल्या. "डोळ्याखाली बघा तिच्या."

डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. असलं जनावर मालकाचा घात करतं, अशी समजूत. एवढी देखणी घोडी अजून उभी होती ती त्यामुळेच.

"केस आहेत गं ते."

"हात काढा. मी सांगते, हात काढा!"

माणसं जमली. "लगाम कोणाच्या हातात आहे ते कळलं!" कोणीतरी ओरडलं. हशा झाला.

"ही दारात आली तर मी नाही येणार घरी." वहिनी म्हणाल्या.

ते हात काढेनात. रुमाल हलला, थांबला, पुन्हा हलला. मग व्यापारी "दत्ताच्या नावानं!" म्हणाला आणि वहिनी तोंड फिरवून चालायला लागल्या.

ते घोडीबरोबर टेम्पोत बसले, आम्ही एसटीत. "काय झालं तर मला बोलायचं नाही म्हणावं," वहिनी मुंबईपर्यंत एवढंच बोलल्या.

होळीच्या आधी, घोडीच्या तोंडाला दाण्याचा तोबरा बांधता बांधता, ते खाली बसले. उठलेच नाहीत.

तेराव्याला येणारा जो तो आधी शेडकडे बघत होता. जेवणं झाल्यावर वहिनींच्या दिरांनी विषय काढला. "वहिनी, संध्याकाळी टेम्पो येतोय तिला न्यायला. तुम्ही तर तेव्हाच सांगितलं होतं."

सगळे वहिनींकडे वळले. मला वाटलं, आता त्या 'मी सांगितलं होतं' म्हणणार. म्हणायचा हक्कही त्यांचाच होता.

"डॉक्टरने दिलेल्या गोळ्या तो माणूस नाल्यात टाकायचा," वहिनी म्हणाल्या. "रोज. ओरडून ओरडून माझा घसा बसला. त्या काय घोडीने टाकल्या?"

"अहो, पण वरातीत धरणार कोण तिला? बाईमाणूस... त्यातून आता तुम्ही..."

"टेम्पोवाल्याला येऊ नको म्हणून सांगा."

त्या उठून बाहेर गेल्या. शेडमध्ये बादली आपटल्याचा आवाज आला, मग दम दिल्यासारखा त्यांचा आवाज: "पी. सगळं पी."

घोडी पाणी पिऊ लागली. घरात बसलेल्या आम्हा सगळ्यांना तो आवाज ऐकू येत होता.