वरून भरलेलं ऑइल

भैय्यालाल कापगतेच्या गाडीवर धुळीचा कण सापडेल तर शपथ. सकाळी गुरांना चारा टाकला की माणूस आधी गाडीपाशी. काच पुसायची, उदबत्ती ओवाळायची, बॉनेट उघडून ऑइलची काडी बाहेर काढायची आणि ऑइल जरा खाली दिसलं की डब्यातून वर ओतायचं. एवढी निगा त्याने स्वतःच्या गुडघ्यांचीही कधी राखली नव्हती. गावात चारचाकी ही एवढीच. कुणाला साप चावो, कुणाची लेक बाळंतपणाला अडो, भैय्यालाल पायात चप्पल सरकवत निघायचा, आणि डिझेलचे पैसे कुणी पुढे केले तर वरून रागवायचा.

आता त्याच्याच सुनेचे, दुर्गेश्वरीचे, दिवस भरले होते. "तिले गोंदियाले मीच नेईन," असं त्याने गावभर सांगून ठेवलं होतं. म्हणून इंजिन खडखडायला लागलं तसा तो लगेच कोहमाऱ्याला मिस्त्रीकडे निघाला. चौक समोर दिसत होता, आणि गाडी एकदम गप्प झाली ती झालीच. ढाब्यावरच्या लोकांनी ढकलत तिला उदाराम मिस्त्रीच्या दारात आणलं.

उदारामने गाडीखाली शिरून ऑइल चेंबरचा नट काढला. ऑइल काही येईना. तार खुपसली, तेव्हा डांबरासारखा काळा गाळ लोंबत लोंबत खाली पडला.

"दादा, ऑइल कधी बदललं होतं?"

"बदलाचं कायले? कमी झालं का टाकून राहिलो ना मी. काडी पाय, भरलेलीच आहे."

"टाकलं ते ठीक. जुनं कधी सोडलं?"

भैय्यालाल त्याच्याकडे बघतच राहिला. सोडायचं? त्याच्या आजा-पणजाने तळी बांधलेली. तळ्याची पाळ फुटू द्यायची नाही, पाण्याचा थेंब वाया घालवायचा नाही, हेच ऐकत तो वाढला. भरलेलं ऑइल कुणी मुद्दाम काढून टाकतं, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. सर्व्हिसिंगला गाड्या नेणाऱ्यांना तर तो तोंडावर आळशी म्हणायचा. पण गाळ तर तळ्यातही बसतो, तो उन्हाळ्यात उपसावा लागतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. मग इथं काऊन सुचलं नाही? काळजी घेतली नाही म्हणावं, तर रोज घेतली. चुकलं ते नेमकं कुठं?

"मी तं रोज पायत होतो," तो पुन्हा म्हणाला. उदारामला की स्वतःला, कोण जाणे.

"इंजिन जाम झालं दादा. पूर्ण खोलावं लागते."

तेवढ्यात बायकोचा, सुशिलाबाईचा, फोन आला. "आयकता का, दुर्गेश्वरीले कळा सुरू झाल्या. सरकारी गाडी दुसऱ्या पेशंटले घेऊन गेली म्हणतेत. तुमी या लवकर."

"थांब जरा," भैय्यालाल फोनवर म्हणाला आणि उदारामकडे वळला. "नवं ऑइल टाक ना बाप्पा. मंग होते चालू."

 उदारामने पाना लावून इंजिन फिरवून पाहिलं. ते तसूभर हललं नाही.

 "दुसऱ्या कोणाची गाडी बोलाव," भैय्यालाल फोनवर कसाबसा म्हणाला.

"कोणाची?" सुशिलाबाईने विचारलं.

 सुशिलाबाईच्या मागे सून कण्हत होती, ते त्याला स्पष्ट ऐकू येत होतं.