पोर्चमधला स्नायू

गेल्या मार्चमधल्या एका रविवारी सकाळी आम्ही माझ्या सासूबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट पोर्चमधून साडेचार फूट ओढत नेलं. कारण शैक्षणिक होतं.

(अंतर मी नंतर टेपने मोजलं. अंदाजाने काही सांगणं मला जमत नाही.)

माझी मुलगी मृणाल जीवशास्त्रात एमएस्सी, वर बीएड. एका ज्युनियर कॉलेजात शिक्षिकेची जागा निघाली होती आणि सोमवारी अकरा वाजता तिला तीन जणांच्या समितीपुढे वीस मिनिटांचा नमुना पाठ द्यायचा होता. विषय: कंकाल स्नायूंची, म्हणजे हाडांना जोडलेल्या स्नायूंची, रचना आणि आकुंचन. विषय तिला झोपेतही येतो. पण समोर चार माणसं गप्प बसून तिच्याकडे बघू लागली की तिचा आवाजच जातो! आधीच्या दोन्ही नमुना पाठांत हेच झालं. दुसऱ्या वेळी तर तिने फळ्यावर सुबक आकृती काढली, भागांना नावं दिली, वीस मिनिटं संपेपर्यंत त्या आकृतीकडे पाहिलं आणि समितीला नमस्कार करून घरी आली.

"याही वेळी तसंच झालं तर मी शिकवण्याचा नाद सोडणार आहे," शनिवारी चहा पिताना ती शांतपणे म्हणाली. मृणाल चिडून बोलली तर फिकीर नसते. शांतपणे बोलली की ते कायमचं असतं.

मी एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखा सांभाळते. अडचण आली की मी यादी करते. रविवारच्या यादीत पहिलं काम आधीच लिहिलेलं होतं: कूलर खिडकीशी नेणे. होळी झाली की नागपुरात प्रत्येक घरी हे काम निघतं. आमचा कूलर सासऱ्यांनी ऑर्डर देऊन बनवून घेतलेला, अस्सल लोखंडी, लहानसं कुटुंब आत राहू शकेल एवढा. हिवाळाभर तो पोर्चच्या टोकाला हॉलच्या खिडकीपुढे ताडपत्रीखाली झोपतो. मार्चमध्ये त्याला स्टॅण्डसकट उचलून बेडरूमच्या खिडकीशी न्यायला चार माणसं लागतात. त्यासाठी माझे दीर बंडूभाऊ आणि जाऊबाई लता दर वर्षी नरखेडकडच्या आपल्या गावाहून येतात.

म्हणजे रविवारी घरात माणसं होती, ओझं होतं, दोर होते. आणि मृणालला माणसांसमोर बोलण्याचा सराव हवा होता. मी पेन उचललं आणि दोन कामांना मिळून एकच कंस घातला. वेळेची बचत!

सकाळी नऊला मी सगळ्यांना पोर्चमध्ये बसवलं. मृणाल समोर उभी राहिली.

"स्नायू म्हणजे..." ती म्हणाली आणि थांबली.

आम्ही वाट पाहिली. तिने घसा साफ केला. पुन्हा वाट पाहिली.

"स्नायू म्हणजे गठ्ठ्यात गठ्ठा," मीच सुरू केलं. (काम अडलेलं मला बघवत नाही. शनिवारी दुपारी मी तिची वही वाचून ठेवली होती.) "मोठा गठ्ठा सोडला की आत लहान जुड्या. जुडी सोडली की केसासारखे तंतू. एक तंतू उकलला की त्यात आणखी बारीक तंतुक."

"म्हणजे मोटरपंपाच्या केबलवाणी," बंडूभाऊ म्हणाले. "वरून रबर, आत तीन वायरी, आन् वायर सोलली का तांब्याचे बारीक बारीक तार."

मृणालने आनंदाने जोरजोरात मान हलवली.

"बोल ना वं मंग! मान काय हालवून राहिली?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, तिला टोकू नका. बोलेल ती," मी म्हटलं आणि पुढचंही मीच बोलले.

पुढचं असं होतं. त्या तंतुकात एकापुढे एक खण असतात. खणाच्या दोन्ही भिंतींना बारीक धागे चिकटलेले असतात आणि मधोमध जाड धागे असतात. जाड धाग्यांना हातांसारखी डोकी असतात. ती बारीक धाग्यांना पकडतात आणि मध्याकडे ओढतात. धागा स्वतः आखडत नाही, नुसता सरकतो. मग दोन्ही भिंती जवळ येतात आणि खण आखूड होतो. असे असंख्य खण एकदम आखूड झाले की माणूस चहाचा कप उचलतो.

"एका कपासाठी एवढा खटाटोप?" माझे यजमान श्यामराव म्हणाले. (ते आपला कप कधीच उचलत नाहीत, त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.)

मग मी भूमिका वाटल्या. दोघे भाऊ पाठीला पाठ लावून मध्ये उभे, जुन्या होल्डॉलच्या पट्ट्याने एकत्र बांधलेले. हा जाड धागा. कूलर ही एक भिंत, तिचा दोर बंडूभाऊंच्या हातात. श्यामरावांच्या हातात दुसरा दोर, आणि तो बांधायला पलीकडे दुसरी भिंत हवी होती. जड आणि जागची न हलणारी वस्तू. मी क्षणभरही विचार केला नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात सासूबाई कशावरूनही जागच्या हललेल्या मी पाहिल्या नव्हत्या. मी दोर त्यांच्या खुर्चीच्या पायांना बांधला.

"मले काहून बांधून राहिली वं, सुनंदा?"

"आई, तुम्ही भिंत."

"बराबर आहे. या घरात माह्याशी बोलते कोण? भिंतच झाली मी!"

(निर्धार आणि वजन या वेगळ्या गोष्टी आहेत. सासूबाईंचं वजन एक्केचाळीस किलो आहे. ते त्यांच्या औषधांच्या फाइलमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे!)

लताकडे दोन कामं होती. बारीक धाग्यावर एरवी एक आच्छादन असतं, त्यामुळे डोक्यांना पकडता येत नाही. मेंदूचा हुकूम आला की कॅल्शियम सुटतं आणि ते आच्छादन बाजूला होतं. म्हणून मी दोरांवर जुनी साडी गुंडाळली आणि ती काढायला लताला कॅल्शियम नेमलं. शिवाय एटीपीचा अतिरिक्त कार्यभार. एटीपी म्हणजे पेशीतली ऊर्जा. ते मी संत्रा बर्फीच्या रूपात दिलं होतं, एका थाळीत बारा तुकडे.

"खाल्लं की ओढायचं," मी दोघा भावांना सांगितलं.

मृणालने माझी बाही ओढली. "आई, उलटं आहे," ती कुजबुजली. "एटीपी नसेल तर पकडलेलं डोकं सुटतच नाही. ते मिळालं की आधी सोडतं, मग पुढे जाऊन पकडतं आणि ओढतं."

"खाऊन सोडायचं? असं कसं?"

"असंच असतं."

मी यादीत दुरुस्ती केली: एटीपीशिवाय हात सोडायचा नाही. तिथे सही केली आणि कागद बंडूभाऊंना दाखवला.

"हे बेस आहे," ते म्हणाले. "सोडाले बी बर्फी!"

आता राहिला मेंदूचा हुकूम. तो मृणालने द्यायचा होता. खणखणीत आवाजात, सगळ्यांसमोर. साऱ्या योजनेचा हेतूच तो होता.

"आकुंचन," मृणाल म्हणाली. म्हणजे ओठांवरून मला तसं वाटलं.

"जोरात!"

"आकुं..."

"ओढा!" मी ओरडले. (साडेनऊ वाजून गेले होते हो!)

लताने साडी बाजूला केली. भावांनी दोर पकडले आणि ओढले. बंडूभाऊंचे हात शेतात कमावलेले. कूलर मात्र तसूभर हलला नाही, कारण त्याच्या स्टॅण्डचा एक पाय पाणी जायच्या जाळीत अडकला होता. कूलर बंडूभाऊंकडे येईना, तेव्हा बंडूभाऊच कूलरकडे गेले. पट्ट्याने बांधलेले श्यामराव त्यांच्यामागे उलट्या पावलांनी गेले. आणि श्यामरावांच्या हातातल्या दोरामागे, गुळगुळीत फरशीवरून, ताठ बसलेल्या सासूबाई निघाल्या.

"थांब गा श्याम! मले कोठी घेऊन चालला?"

"मी नाही नेत, आई! बंडू नेऊन राहिला!"

"एटीपी!" मी ओरडले. लताने दोघांच्या तोंडात एकेक तुकडा घातला. हात सुटले, पुढे गेले, पुन्हा पकडले. पुन्हा ओढ. सासूबाई आणखी दीड फूट आल्या.

"आई, ज्या बाजूला भार कमी ती बाजू सरकते," मृणाल माझ्या कानात म्हणाली. "बरोबरच चाललंय."

"मला नको, त्यांना सांग!"

तिसऱ्या ओढीनंतर लताने थाळीत हात घातला. थाळी रिकामी होती. सरकत सरकत सासूबाई थाळीजवळ आल्या होत्या आणि तिथून त्यांनी कामकाज सुरू केलं होतं.

"आई, अख्खं एटीपी खाल्लं तुम्ही?"

"भिंतीले भूक लागत नाई काय?"

"वहिनी," बंडूभाऊ कूलरकडे तोंड करून म्हणाले, "बर्फी संपली. तुमच्या कागदावर तं लिहून आहे, त्याच्याबिगर सोडायचं नाई."

"मेल्यावर असंच होतं," मृणाल हळूच म्हणाली. "एटीपी तयार होणं थांबतं, डोकी पकडलेलीच राहतात, शरीर ताठ पडतं."

"शुभ बोल वं पोट्टे! अजून बसून आहे मी इथे!"

तेवढ्यात कूलर कुरकुरला. दोर मी वरच्या कडीला बांधला होता आणि खाली पाय अडकलेला, त्यामुळे तो अख्खा पुढे कलला होता. बंडूभाऊंनी आणखी ओढलं असतं तर तो त्यांच्या अंगावर आला असता. सोडलं असतं तर झोका घेऊन मागे गेला असता, आणि मागे हॉलच्या खिडकीची काच होती.

"ओढू नका! सोडू नका! म्हणजे थोडं सोडा! अहो, तुम्ही डावीकडे व्हा! लता, पाय!" असं म्हणत मी धावले. चौथ्या पावलाला माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला.

पोटरीचा दगड झाला. मी फाटकाशी फरशीवर बसले, पाय दोन्ही हातांनी धरला आणि पुढचा हुकूम द्यायला तोंड उघडलं. त्यातून फक्त "आई गं!" बाहेर पडलं. सासूबाईंना वाटलं त्यांनाच हाक मारली. "काय झालं वं?" त्यांनी विचारलं. मी नुसती पोटरी दाखवली.

माझा आवाज बंद झाल्यावर आमच्या घरात काय करायचं असतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. चौघेही गप्प होऊन मृणालकडे बघू लागले.

चार माणसं. गप्प. तिच्याकडे बघणारी. मी डोळे मिटले.

"बंडूकाका, ओढायचं नाही आणि सोडायचंही नाही. आहे तिथे धरून ठेवा," मृणालचा आवाज आला. सरळ, स्वच्छ. "बाबा, तुमचा दोर टाका, पट्टा काढा आणि कूलरच्या मागे जाऊन खांदा लावा. काकू, तो पाय अजून जाळीतून काढू नका. हां. काका, आता वीतभर सैल करा. एकदम नाही. स्नायू लांब होता होताही भार धरू शकतो, म्हणून तर आपण पायरी उतरताना कोसळत नाही. आणखी वीतभर. बाबा, घ्या खांद्यावर."

कूलर सरळ उभा राहिला. काच शाबूत. बंडूभाऊंनी दोर टाकला आणि थाळीकडे एकदा आशेने पाहून घेतलं.

मग मृणाल माझ्यापुढे बसली, माझी टाच एका हातात धरली आणि पावलाची बोटं हळूहळू माझ्याकडे वाकवू लागली.

"ही पोटरी बघा," ती सगळ्यांना म्हणाली. "हिला आईने हुकूम दिलेला नाही, तरी आखडली आहे आणि सुटत नाहीये. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही, म्हणून तो आपला आपण ताणलाही जात नाही. समोरच्या स्नायूने, नाहीतर दुसऱ्या कोणी, त्याला ताणावं लागतं. असं."

"आई गं!"

"आणि आता आत काय चाललंय ते सांगते."

तिने सांगितलं. गठ्ठ्यांपासून कॅल्शियमपर्यंत सगळं. बंडूभाऊंनी दोन शंका विचारल्या, त्याही तिने सोडवल्या.

"आता पाहा कशी फडाफडा बोलून राहिली!" सासूबाई म्हणाल्या.

"छान!" मी म्हटलं. "फक्त कॅल्शियमच्या इथे थोडं हळू, आणि..."

"आई," मृणाल म्हणाली, "तू आता काही बोलायचं नाही. पायही हलवायचा नाही."

(कूलर नंतर दर वर्षीसारखा चौघांनी उचलला. पाच मिनिटं लागली.)

सोमवारी ती निघताना मी तिच्यासाठी सूचनांचा कागद काढून ठेवला होता. तो टेबलावरच राहिला. ती दीड वाजता परत आली.

"आवाज?" मी विचारलं.

"होता."

"काही विचारलं?"

"गोळा येण्याबद्दल विचारलं. म्हणाले, रोजच्या आयुष्यातलं उदाहरण द्या."

"मग?"

"दिलं," ती म्हणाली आणि पाणी प्यायली. "फार हसले सगळे. एका सरांनी चष्मा काढून डोळे पुसले."

निवड झाली. जूनपासून ती अकरावीला शिकवते, आणि उदाहरण बदलायला तयार नाही. म्हणते, मुलांच्या बरोबर लक्षात राहतं.

परवा किराणा दुकानात एका मुलीने मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "काकू, त्या पोटरीवाल्या तुम्हीच काय?"

मी हो म्हटलं. लपवण्यात अर्थ नव्हता. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "परीक्षेत किती मार्कांना येते?"

"दोन," ती म्हणाली.

मी निदान चार धरून चालले होते.