समोरचा मिस्त्री

गाडी कुणाचीही असो, तो आधी बॉनेटवर थाप मारायचा आणि विचारायचा, "काऊन रुसून राहिली वो बाई?" गिऱ्हाईक हसायचं आणि तिथेच त्याचं होऊन जायचं. काम सुरू होण्याआधीच ज्याचं कौतुक होतं, असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. माझा तिरोड्यात, माझ्या गॅरेजच्या अगदी समोर होता.

आम्ही दोघे गोंदियाला एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. हत्यारं माझी चांगली, काम माझं स्वच्छ, वेळ मी पाळायचो. गर्दी मात्र त्याच्याकडे. तो चहा पीत प्रत्येकाच्या सासूची चौकशी करत बसायचा. एकदा माझी बायको म्हणाली, "तुमीबी जरा हासून बोलत जा जी." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दवनीवाड्याच्या एका राइस मिलच्या मालकांकडे जुनी अँबेसेडर आहे. ती बाहेर निघते दसऱ्याच्या पूजेला, नाहीतर घरच्या मुलीच्या पाठवणीला. धाकट्या मुलीच्या लग्नात गाडी हलेना, तेव्हा मालकांनी मला बोलावलं. मला, त्याला नाही! मी नवा शर्ट घालून गेलो.

इंजिन बंद असताना गिअर पडत होता. चालू केलं की नुसती करकर. पेडल ठीक, क्लचचं ऑइल ठीक. मी विचारलं, "दसऱ्याले खालून धुतली होती का?"

"धुतली ना, मोटर लावून," मालकीणबाई म्हणाल्या. "पूजा केली अन् ढकलत शेडमंदी नेली. पूजेच्या दिवशी गाडीले कामाले लावत नाही."

म्हणजे ओल आत राहिली आणि क्लच प्लेट गंजून चिकटली. मी सांगितलं, "इंजिन गरम करू, बंद करून गिअरमध्ये टाकू, मग क्लच दाबून चालू करू. दोन झटक्यांत सुटेल."

"झटके? ह्या गाडीले?" मालक म्हणाले. "त्या दुसऱ्या मिस्त्रीले बोलवा."

तो आला. थाप मारली, रुसवा विचारला आणि अक्षरशः माझंच वाक्य बोलला. "वा!" म्हणून सगळा मांडव डोलला. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मग तो माझ्या कानाशी आला. "तू बस गा सीटवर. माह्या डाव्या पायात दम नाही राहिला, पेडल दबत नाही. कोनाले सांगू नको."

मी बसलो. प्लेट सुटली, नवरी गेली, लोकांनी पाठ थोपटली ती त्याची. मी कुणाला काही बोललो नाही. त्यानंतर जड पेडलची गाडी आली की तो हाक मारायचा, "ये गा, जरा पाय दे." मी चडफडत जायचो, पण जायचो.

मागच्या पावसाळ्यात तो वारला.

यंदा मालकांच्या नातीची पाठवणी होती. पुन्हा तीच ओल, तीच करकर. मी वाद घालायच्या तयारीनेच गेलो. झटक्याचं बोललो, तर मालकांनी निमूट मान हलवली. "तू म्हणशील तसं. तो तुह्याबद्दल सांगून गेला, 'त्या लग्नातबी बरोबर त्यानंच सांगतलं होतं. मी नसलो तर त्यालेच बोलवा, अन् आयकत जा.'"

गाडी सुटली. या वेळी पाठ माझी थोपटली. इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं, तेही त्याच्या शब्दावर! असा संताप आला की काय सांगू. त्याला चार शिव्या हासडायच्याच असं ठरवून तिरोड्याला परतलो, गाडी लावली, तरातरा रस्ता ओलांडला आणि त्याच्या बंद शटरसमोर येऊन उभा राहिलो.