खंडेनवमीची आंघोळ आणि माझा दोन नंबर

रिपोर्टवर सही करायला मी पेन उघडलं होतं. तेवढ्यात प्रेसवर काम करणाऱ्या हिरामावशींनी विचारलं, “मॅडम, मंग परवा हिला आंघोळ घालू ना आमी?”

“कोणाला?”

“हिला.” त्यांनी पॉवर प्रेसच्या अंगावर थोपटलं.

मी पेन बंद केलं. त्या दिवशी मी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

कारखाना वालीवमधला, छोटासा. या प्रेसखाली पत्रा दाबून डब्यांची झाकणं बनवणारा. मी गेली बावीस वर्षं इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑडिट करते. म्हणजे वायरिंग, पॅनल, मशीन तपासायचं आणि जे चुकलंय त्याला नंबर द्यायचा. एक नंबर म्हणजे धोका आत्ता समोर उभा आहे, सप्लाय लगेच बंद. दोन नंबर म्हणजे आज कोणाला शॉक बसणार नाही, पण आणखी काही बिघडलं तर बसेल. पंधरा दिवसांत दुरुस्त करा. तीन नंबर म्हणजे सुधारलंत तर बरं. दोष सापडायला वेळ लागत नाही हो. खरी डोकेफोड नंबर देताना होते. सगळ्यालाच एक नंबर दिला तर पुढच्या वेळी कोणी तुम्हाला विचारत नाही. आणि एखाद्या ठिकाणी चुकून दोन दिला तर काय होतं, तेच सांगतेय.

त्या प्रेसची अर्थिंगची वायर गंजून तुटली होती. अर्थिंग म्हणजे करंट मशीनच्या अंगावर उतरलाच, तर त्याला माणसातून न जाता जमिनीत जायला दिलेली वाट. ती वाट बंद. पण करंट काही अंगावर उतरला नव्हता. मी सप्लाय बंद करून मोटरला मेगर लावला. तारांवरचं आवरण धड आहे का, ते हा मीटर सांगतो. रीडिंग झकास! मोटरला वायरी जोडतात त्या डबीच्या झाकणाचं रबर गेलं होतं, ते मी तीन नंबरात टाकलं. अर्थिंग दोन नंबरात. सगळं पुस्तकाप्रमाणे. तपासणीचा कागदही प्रेसवर चिकटवून झाला. मी स्वतःवर खूश, आणि मालक सावंतसाहेब माझ्याहून खूश. शनिवारी त्यांचा माल जायचा होता आणि प्रेस चालू राहणार होती.

“मावशी, आंघोळ म्हणजे नक्की काय करता?”

“परवा खंडेनवमी ना! पाइप लावून पानी मारतो, वर्षाची ग्रीस काढतो. मंग हळद-कुंकू, हार. नारळ फोडला का मी बटन दाबते. एकदा फिरवायची, मंग दिवसभर तिला सुट्टी.”

“आणि पायात चपला?”

“पूजेला चपला घालून कोन उभं राहतं, बाय?”

जूचंद्र गावच्या या बाई चौदा वर्षं त्या प्रेसवर. सगळ्यात जुन्या, म्हणून पूजेचा मान त्यांचा. ओली फरशी, अनवाणी पाय, एक हात मशीनवर, दुसरा बटनावर. आणि मी शहाणी, कोरडी मोटर तपासून, पायात सेफ्टी शूज घालून दोन नंबर देत होते.

“सावंतसाहेब, हा दोन नंबर नाही. एक आहे. प्रेस आत्तापासून बंद.”

“अहो मॅडम, आत्ता तर ओके म्हणालात! पाच मिनिटांत काय बिघडलं?”

“अजून काही नाही. परवा तुम्ही बिघडवणार आहात.”

“दरवर्षी धुतो आम्ही. आजवर कोणाला काही झालं नाही.”

“दरवर्षी अर्थिंग तुटलेली होती?”

त्यांनी वाकून ती तुटलेली वायर पाहिली. मग म्हणाले, “ठीक आहे, यंदा नाही धुणार. झालं?”

“असं कसं?” हिरामावशी मध्येच म्हणाल्या. “पारोशीच पूजा करायची का तिची?”

इथे तोंडी वाद घालून उपयोग नव्हता. मी मेन स्विचला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. “मावशी, दरवर्षी मारता तसंच पाणी मारा.” मावशींनी पदर खोचला, पाइप धरला आणि अगदी मनापासून आंघोळ घातली. मग मी सगळ्यांसमोर परत मेगर लावला. माझा मेगर जुना, काट्याचा. मघाशी पार टोकाला गेलेला काटा आता शून्याजवळून हलेना. पाणी रबर नसलेल्या झाकणातून आत शिरलं होतं. सप्लाय चालू असता तर करंट प्रेसच्या अंगावर उतरला असता, आणि जायला वाट एकच होती.

सावंतसाहेब काट्याकडे बघत होते, मग मावशींच्या पायांकडे. “बटन या दाबणार होत्या,” एवढंच ते म्हणाले. त्यांनी तिथूनच माल घेणाऱ्या पार्टीला फोन लावला आणि माल सोमवारी येईल म्हणून सांगितलं. त्या फोनबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. असे मालक मला फार भेटलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोटर वाळवली, नवी अर्थिंग टाकली, झाकणाला रबर आलं, करंट गळला तर सप्लाय तोडणारा ईएलसीबीही बसवला. संध्याकाळी सप्लाय बंद ठेवून मी पुन्हा पाणी मारायला लावलं. या वेळी काटा पार टोकाला गेला आणि तिथेच राहिला.

पूजेला मलाही बोलावणं होतं. फरशी कोरडी पुसली होती, प्रेससमोर नवी कोरी रबरी चटई.

“काय मावशी, देवाला चटई चालते का?”

“चालते गं! नवी हाय ती, तिच्यावर कोनी चपला नाय आनल्या.”

नारळ फुटला. मावशींनी बटन दाबलं. प्रेस एकदा धाडकन खाली येऊन वर गेली. मी इतक्या वर्षांत हजारो मशीन चालू होताना पाहिलीत, पण त्या वेळी माझे डोळे भरून आले. त्यांनी मला हळद-कुंकू लावलं तेव्हा मी वाकून पाया पडले.

“मावशी, तुम्ही विचारलंत म्हणून.”

“अगं, मी कुठं काय केलं? तू तिच्यावर तो तपासनीचा कागद चिकटवलेलास ना, तो पान्यानं निघंल का काय, म्हून इचारलं.”

आता मी नंबर देण्याआधी मशीनवर काम करणाऱ्या माणसाला विचारते, हे वर्षभरात कधी, कसं वापरता, धुता, हलवता? बहुतेक वेळा उत्तरातून काहीच निघत नाही. मालक घड्याळ बघतात. मी तरीही विचारते. हिरामावशींना त्या कागदाची काळजी वाटली नसती, तर रिपोर्टवर माझी सही असती आणि हिरामावशी नसत्या.