वरनं प्रेशर यायलंय

"हा सरळ सरळ रिटॅलिएशनचा मामला आहे," वेंडी म्हणाली. "एचआरला आजच नोटीस जाऊ दे. तू ड्राफ्ट कर."

वेंडी माझी बॉस. जन्माने, शिक्षणाने, बोलण्याने अस्सल सिंगापूरची. रिटॅलिएशन म्हणजे कंपनीतली चूक कळवणाऱ्या माणसाला त्रास देऊन त्याचं तोंड बंद करणं. आमच्या कामात यापेक्षा वाईट गुन्हे थोडेच.

आमचं काम म्हणजे कम्प्लायन्स. कंपनी जिथे जिथे धंदा करते, तिथल्या कायद्यात आणि स्वतःच्या नियमांत राहते की नाही, ते बघायचं. आमची कंपनी पॅकिंगला लागणारा गोंद बनवते. आशियात पाच प्लांट. एक इथेच सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर, एक पुण्याजवळ, बाकीचे तीन वेगवेगळ्या देशांत. मी या पाचांची कम्प्लायन्स मॅनेजर. इचलकरंजीच्या सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, बॉयलरवर काम करणाऱ्याची मुलगी. घरात कॉलेजात गेलेली पहिली. बी.कॉम., मग सी.एस., मग सिंगापूर. हे मी कुणी न विचारताही सांगते.

सोमवारची सकाळ होती. तक्रार शनिवारी संध्याकाळी हॉटलाइनवर आली होती. ही हॉटलाइन बाहेरची एजन्सी चालवते. कामगाराने त्याच्या भाषेत, नाव न देता लिहायचं. एजन्सी त्याचं इंग्रजी करून आम्हाला पाठवते. पुण्याच्या प्लांटवरून आलेल्या या तक्रारीच्या इंग्रजीचा अर्थ असा होता: तीन नंबरवर वरिष्ठांकडून दबाव येत आहे. व्हिसल बंद करण्यात आली आहे. सांगूनही कोणी ऐकत नाही. एक दिवस कोणीतरी सोडून जाईल.

व्हिसल बंद करणं म्हणजे व्हिसलब्लोअरचा, चूक कळवणाऱ्याचा, आवाज दाबणं. कम्प्लायन्सवाल्याला हे वाक्य वाचल्यावर दुसरं काही सुचतच नाही. एजन्सीने कॅटेगरी टाकली होती 'छळ'. वेंडीने ती बदलून 'रिटॅलिएशन' केली. ऑफिसला येताना मेट्रोत मीही इंग्रजीच वाचलं होतं आणि मलाही तेच वाटलं होतं.

नोटिशीला मूळ मजकूर जोडावा लागतो, म्हणून मी तो उघडला. रोमन लिपीत मराठी होतं.

"तीन नंबरला वरनं प्रेशर यायलंय. शिट्टी बंद केलीया. सांगून झालं, कोण ऐकत नाही. एक दिवस कोणतरी जाणार."

हे माझ्या घरचं मराठी होतं. मी ते मनातल्या मनात वाचलं आणि वडिलांच्या आवाजात ऐकू आलं. सायझिंगमध्ये बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला सगळे शिट्टी म्हणायचे. कुकरची असते तशी. आत वाफ जास्त झाली की शिट्टी उघडते, वाफ बाहेर जाते, भांडं शाबूत राहतं. मी डबा घेऊन गेले आणि शिट्टी वाजली, की वडील मला आधी दाराबाहेर काढायचे आणि मग डबा घ्यायचे.

व्हिसल नव्हे. शिट्टी.

मग बाकीची वाक्यंही उलटली. ट्रेनिंगसाठी मी तो प्लांट पाहिला होता. तिथे गोंद शिजवायच्या तीन केटल आहेत. केटल म्हणजे खोलीएवढं बंद पातेलं, भोवती दुहेरी कवच, कवचात वाफ. बॉयलरची वाफ फार जोराची असते. वरच्या मजल्यावर एक व्हॉल्व्ह तिचा जोर कमी करतो आणि मग ती खाली केटलला येते. तो वरचा व्हॉल्व्ह बिघडला तर पूर्ण जोराची वाफ खाली येणार. तेव्हा वाचवायला फक्त शिट्टी. आणि ती बंद केली होती.

वरनं प्रेशर म्हणजे साहेबाचं प्रेशर नव्हतं. आणि 'जाणार' म्हणजे नोकरी सोडून जाणार असं नव्हतं.

मी वेंडीच्या केबिनमध्ये शिरले. बसलेसुद्धा नाही. सगळं सांगितलं.

"किती खात्री आहे तुला?" तिने विचारलं.

"भाषेची पूर्ण. मशीनची नाही."

"भाषांतर करणारी एजन्सी सर्टिफाइड आहे."

"वेंडी, त्यांनी शब्द बरोबर लिहिलेत. अर्थ चुकलाय."

तिने घड्याळाकडे पाहिलं. भारत आपल्या मागे अडीच तास. रविवारी पुण्याचा प्लांट बंद असतो. सोमवारची पहिली शिफ्ट आत्ता कुठे गेटवर आली असणार. अजून वाफ सोडलेली नसणार.

"मग फोन कर. तीन नंबर थांबवा म्हण. जिवाला धोका असेल तर गोपनीयता मोडायला पॉलिसीची परवानगी आहे."

परवानगी होती. पण मजकुरात 'सांगून झालं' असंही होतं. म्हणजे हा माणूस आधी सुपरवायझरशी बोललाय. मी 'तीन नंबरची शिट्टी बघा' म्हटलं, की सुपरवायझरला त्याच क्षणी कळणार कुणी लिहिलंय. तिथले बरेच कामगार कंत्राटी. कंत्राटी माणसाला काढायला मेमो लागत नाही. उद्यापासून गेटवर त्याचा पास चालत नाही, बस.

मी हे बोलले. 

"दोन्ही कर," ती म्हणाली. "माणसं वाचव आणि नाव पण वाचव. पण वाफ सोडायची वेळ आली आणि तुला जमलेलं नसलं, तर तू तीन नंबर म्हणायचं. नावाचं मग बघू. कळलं?"

"कळलं."

मी रहीमला फोन लावला. रहीम आमचा रीजनल सेफ्टी हेड. बसतो जुरोंग आयलंडच्या प्लांटवर, आणि तो प्लांटही तोच चालवतो. पाचही प्लांट एका मेलने थांबवायचा अधिकार फक्त त्याला. त्याला स्टँड-डाउन म्हणतात: सगळ्यांनी काम थांबवायचं, सांगितलेली गोष्ट तपासायची, मग चालू करायचं.

"रहीम, सेफ्टी व्हॉल्व्हसाठी स्टँड-डाउन हवाय. लगेच."

"कुठल्या साइटवर?"

"सांगू शकत नाही."

"वैशाली, साइट न सांगता मी काय थांबवू?"

"सगळं."

"माझा प्लांट पण?"

"तुझा पण."

 तो म्हणाला, "आज माझ्याकडे टँकर लागलाय, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. कुणीतरी शिट्टी..." मी जीभ चावली. "कुणीतरी सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करून ठेवला असेल आणि आतलं प्रेशर वाढलं, तर काय होतं?"

"ते तू मला विचारतेस?" त्याचा आवाज बदलला. "ओके लाह. पहिला मी माझा बंद करतो. मी बंद केला की बाकी कोणी वाद घालणार नाही."

एवढ्यावर त्याने मेल टाकला. सर्व साइट्स, वाफेवर चालणारं सगळं थांबवा. प्रत्येक सेफ्टी व्हॉल्व्हचा आत्ताचा फोटो पाठवा, त्याखालचं बंद-चालू करायचं हँडल दिसलं पाहिजे. माझा प्लांट बंद झालेला आहे, अशी शेवटी ओळ.

मेल जाऊन फार वेळ झाला नव्हता, तेवढ्यात माझा फोन वाजला. पुण्याचे प्लांट हेड जगदाळे.

"मॅडम, नमस्कार. हे काय सोमवारी सकाळी सकाळी?"

"नमस्कार साहेब. रहीमचा मेल आहे. त्यालाच विचारा."

"त्याला काय विचारायचं, तो इंग्रजीत दम देतो. मी आपल्या माणसाला विचारतोय. आमच्याकडनं कोणी हॉटलाइनवर काय लिहिलंय का?"

"लिहिलंय की नाही, हे मी कधीच सांगत नाही. कुणी काही लिहिलेलं नसतानाही सांगत नाही."

ते हसले. पण सोडलं नाही. "मग सेफ्टीच्या मेलमध्ये कम्प्लायन्सच्या मॅडम कॉपीत कशाला?"

 याचं खरं उत्तर माझ्याकडे होतं. खोटं मला जमत नाही आणि या धंद्यात परवडतही नाही. "प्लांट थांबला की माल उशिरा जातो. ग्राहकांना कॉन्ट्रॅक्टप्रमाणे कळवावं लागतं, ते पत्र माझ्याकडून जातं. प्रत्येक स्टँड-डाउनला मी कॉपीत असते. जुने मेल काढून बघा."

"बरं बरं. तुम्ही कोल्हापूरकडच्या ना? मी पण तिकडचाच."

"इचलकरंजी. साहेब, तुमच्या केटल थांबल्या का?"

"एक आणि दोन थांबवल्यात. तीनमध्ये माल भरून झालाय. नुसती वाफ द्यायचीय. एवढी बॅच काढून घेतो, मग काढा म्हणाल तेवढे फोटो."

 समोर काचेपलीकडे वेंडी उभी होती. तिने भुवया उंचावल्या. मी बोट वर करून थांब म्हटलं. 'तीन' हा आकडा माझ्या तोंडून येता कामा नव्हता. पण वाफही जाता कामा नव्हती.

"साहेब, मेलमध्ये सगळं थांबवा लिहिलंय. एकाला सूट दिली की बाकीचे चारही मागतील. जुरोंगला टँकर उभा आहे, तरी त्यांनी थांबवलंय."

"माल घट्ट होईल मॅडम. केटल खरवडून काढावी लागेल. कोण करणार?"

"खरवडू."

"तुम्ही येणार होय खरवडायला सिंगापूरहून?"

"वाफ सोडू नका, साहेब."

"आणि नुकसान झालं तर? जबाबदारी कोणाची?"

"माझी. आत्ता लिहून पाठवते. माझ्या नावाने."

फोन चालू ठेवून मी दोन ओळींचा मेल लिहिला आणि पाठवला. स्पेलिंग दोनदा चुकलं. त्यांनी तो वाचला.  मग त्यांनी कुणाला तरी हाक मारली, "अरे, वाफ राहू दे! हां, तीनची पण! सिंगापूरच्या मॅडमचा हुकूम आहे!"

टोमणा होता. मला तो फुलासारखा वाटला.

फोटो यायला लागले. पुण्याचे तीन आले. पहिल्या दोन केटलचे स्वच्छ, हँडल समोर. तिसरा खालून काढलेला, हँडल पाइपच्या आड. मला फोटोतलं फार कळत नाही. रहीमला कळलं. पण मी त्याला साइट सांगितलेली नव्हती आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही. त्याने सगळ्यांना कळवलं: फोटो स्पष्ट नाहीत, आता प्रत्येकाने व्हिडिओ कॉलवर व्हॉल्व्हपर्यंत चालत जायचं. सुरुवात माझ्यापासून.

आणि सुरुवातीलाच रहीमच्या प्लांटवर एका व्हॉल्व्हच्या टेस्टची तारीख उलटून गेलेली निघाली. पाच प्लांटचे लोक बघत होते. रहीम लाल झाला. म्हणाला, "हे माझं. मी रिपोर्ट करतो. पुढे."

हे आम्ही ठरवून केलं असतं तरी इतकं चांगलं झालं नसतं. त्यानंतर हा चेक कुणा एकावर डोळा ठेवून आहे, असं कुणालाही म्हणता येईना.

पुण्याची पाळी आली. एक ठीक. दोन ठीक. मोबाइल धरणारा माणूस तिसऱ्या केटलच्या शिडीवर चढला. चित्र हललं, मग स्थिर झालं. सेफ्टी व्हॉल्व्हच्या खालचं हँडल आडवं. बंद. वर तारेने बांधलेलं आणि तारेवर फडकं गुंडाळलेलं, कुणाचा हात लागू नये म्हणून.



"कोणी केलं रे हे?" जगदाळेंचा आवाज. नाटक नव्हतं. त्यांना खरंच माहीत नसावं.

"हात लावू नका," रहीम म्हणाला. "वाफ नाही. आज नाही, उद्या नाही. मी येतोय."

तो त्याच दिवशीच्या विमानाने गेला. वरच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह खोलला तेव्हा आतली वाफ अडवणारी सीट झिजून गेली होती. बॉयलरची वाफ जवळपास तशीच्या तशी खाली येत होती. त्यामुळे शिट्टी सारखी वाजायची, बॅच बिघडायची, म्हणून सुपरवायझरने ती बांधून टाकली होती. कवच किती दिवस टिकलं असतं, हे मी रहीमला विचारलं. त्याने कॉफी संपवली आणि म्हणाला, "दुसरं काहीतरी बोल."

तिसऱ्या केटलमधला माल घट्ट झालाच. तो खरवडायचा खर्च वेंडीने आमच्या डिपार्टमेंटच्या बजेटमधून दिला. एक शब्दही न बोलता, हे तिच्या बाबतीत विशेष.

पुढे हॉटलाइनवर त्याच केसखाली एक ओळ आली. एजन्सीच्या इंग्रजीप्रमाणे: आता वरिष्ठांचा दबाव नाही, व्हिसल पुन्हा वाजू लागली आहे. वेंडीने ती मला दाखवली. "म्हणजे व्हिसलब्लोअर सुरक्षित. क्लोज करू?"

मी मूळ उघडलं. "वरनं प्रेशर गेलं. शिट्टी चालू हाय. मी बी कामावर हाय."

शेवटचं वाक्य एजन्सीने सोडूनच दिलं होतं. महत्त्वाचं वाटलं नसावं.

"कर क्लोज," मी म्हटलं.

तो कोण, मला आजही माहीत नाही. ते माहीत नसणं हाच माझ्या कामाचा पुरावा. त्यानंतर आमच्या नियमावलीत एक कलम वाढलं. लांबलचक इंग्रजी आहे, मीच लिहिलंय. त्याचा मराठीत अर्थ एवढाच: कुणी शिट्टी म्हणालं, तर आधी जाऊन शिट्टी बघावी.