तळहातातलं पाऊल

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की आमच्या घरात सगळे हात जोडतात. मुलं खेळ अर्धा टाकून येतात आणि जोडतात, ह्यांच्या बोटांना घड्याळाचं तेल लागलेलं असलं तरी हेसुद्धा तसेच जोडतात. एकट्या ताई जोडत नसत. ताई म्हणजे माझ्या नणंदबाई, ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिल्या. दिव्याच्या वेळी त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत. मान खाली, डोळे मिटलेले, डावा हात छातीशी, आणि उजवा हात मांडीवर उताणा ठेवलेला, बोटं अर्धवट मिटलेली.

मला ते खुपायचं. माझ्या रोजच्या वहीत कितीतरी दिवशी एकच रडगाणं आहे: ताईंनी आजही हात जोडले नाहीत. शिकलेल्या, मशीनवर काम करणाऱ्या बाई, त्यांना देवाबिवाचं काय, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. सासूबाई होत्या तोवर त्याही टोमणा मारायच्या, "मशीनपुढे दिवसभर वाकते, देवापुढे मात्र हिची कंबर धरते." ताई हसून सोडून द्यायच्या. हात होता तसाच राहायचा.

ताई लहान मुलांच्या इस्पितळात एमआरआयच्या खोलीत होत्या. एक मोठा पांढरा बोगदा, त्यात मुलाला निजवायचं आणि त्याच्या आतली चित्रं बाहेरच्या पडद्यावर बघायची. सुरी नाही, सुई नाही. अटी दोनच. ते मशीन म्हणजे दांडगं लोहचुंबक, तेव्हा जवळ लोखंडाचा कण नको. आणि आत निजलेल्याने हलायचं नाही.

पहिल्या अटीने ताईंना पार बदलून टाकलं होतं. केसांना पिन नाही, कापडाची पट्टी. बोटात अंगठी नाही. घरी पाहुणे आले तरी ताईंच्या तोंडून दारातच निघून जायचं, "खिशात काही नाही ना?" माझ्या मामांनी एकदा घाबरून दोन्ही खिसे उलटे करून दाखवले होते. हे म्हणायचे, "काय नशीब बघा. मी घड्याळं दुरुस्त करून पोट भरतो आणि बहिणीच्या खोलीत घड्याळ नेलं की ते कायमचं गप्प!"

दुसरी अट अवघड. चार-पाच वर्षांच्या पोराला म्हणायचं हलू नकोस, आणि मशीन तर कानाशी कुणी पत्रा बडवावा तसं ठकठकतंय. पोर हललं की चित्र पुसट, म्हणून बहुतेकांना झोपेचं औषध द्यावं लागे. ताईंच्या पुष्कळ मुलांना ते लागत नसे. बाहेर बटणांशी त्यांची जोडीदारीण बसायची आणि ताई आत, बोगद्याच्या तोंडाशी, मुलाचं उजवं पाऊल हातात धरून. "भीती वाटली की मनातल्या मनात मला हाक मार," त्या सांगायच्या, "मी पाऊल दाबते." मुलं नंतर शपथेवर सांगत की हाक मारली तेव्हाच दाबलं.

मग बाहेर येऊन पडद्यावर बघायचं. कधी डोक्यात पांढरी गाठ दिसायची, सुपारीएवढी, कधी त्याहून मोठी. ते सांगायचं काम डॉक्टरांचं. पण दाराशी आई उभी असते आणि तिला डॉक्टरांच्या आधी ताईंचा चेहरा दिसतो. ताईंनी तो चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा ठेवायला शिकून घेतलं होतं. सगळ्यांना एकच वाक्य: "फार शहाण्यासारखी झोपली हं."

घरी तोच चेहरा. पण मला खूण कळली होती. ज्या दिवशी ताई आल्या आल्या फळीवरचे डबे उतरवून पुसायला घेत, त्या दिवशी मी काही विचारत नसे.

एका संध्याकाळी मात्र माझा बांध फुटला. दिवा लावून झाला होता, मुलं पळाली होती.

"ताई, रागावू नका. पण देवाने तुमचं काय वाईट केलंय?"

"का गं?"

"हात का जोडत नाही तुम्ही?"

त्यांनी मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघितलं. "जोडायला तो रिकामा नसतो गं."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. पाच वर्षांची एक मुलगी होती. सगळ्यांना हुकूम सोडायची म्हणून खोलीतल्या सगळ्यांनी तिचं नाव 'सरकार' ठेवलं होतं. डोक्यात गाठ. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चित्र काढून झाल्यावर तिने ताईंना फर्मावलं, "उद्या कापायच्या खोलीत पण तूच पाय धरायचा. हुकूम आहे."

"आणि मी म्हटलं, जशी आज्ञा," ताई म्हणाल्या. "मुलांना आपण म्हणतो तसं गं. त्या खोलीत मला कोण जाऊ देणार होतं?"

तेव्हाची रीत अशी की डॉक्टर गाठ काढायचे, डोकं शिवून बंद करायचे, आणि काही उरलंय का ते दुसऱ्या दिवशीच्या चित्रात कळायचं. सरकारला पट्टी बांधून चित्रासाठी आणलं. ताईंनी पाऊल हातात घेतलं.

"मला म्हणाली, काल तू आली नव्हतीस. रागावून नाही म्हणाली. नुसतं सांगितलं."

"मग तुम्ही?"

"मशीन सुरू झालं. चित्रात दिसलं, थोडं उरलं होतं. पुन्हा उघडायला लागणार होतं. बाहेर काढल्यावर माझ्याकडे बघत राहिली. मी काय म्हटलं असेल?"

मी समईची वात सारखी केली.

"फार शहाण्यासारखी झोपलीस हं."

दुसऱ्या ऑपरेशनातून सरकार परत आली नाही.

"तेव्हापासून तिन्हीसांजेला येतं," ताई तळहाताकडे बघत म्हणाल्या. "एवढंसं पाऊल. गरम असतं. टाचेला खरखरीत, अनवाणी पळायची ना. घाबरू नकोस, काही करत नाही ते. धरून ठेवायचं फक्त. दिव्याची ज्योत मंदावली की जातं."

मी घाबरले नाही असं कसं म्हणू? त्या कोपऱ्यातून जाताना माझे पाय आपोआप भिंतीकडून जायला लागले. स्टूल कुणी नसताना पुसायचं धाडस होईना. पण त्या दिवसापासून मी दिव्यापुढे एक मागणं वाढवलं. देवा, त्या लेकराला मोकळं कर आणि ताईंच्या हातालाही.

वर्षं गेली. मशीनं बदलली. नवं मशीन इतकं चपळ की मुलाने दम धरेपर्यंत अर्धं काम झालेलं असे, आणि आत चष्म्यातून कार्टून दिसे. पाऊल धरायची गरज उरली नाही तरी ताई धरत. जोडीदारीण चेष्टा करायची, "मावशी, आता मशीनला तुमची गरज नाही हो." ताई म्हणायच्या, "मशीनचा पाय कुठे धरतेय मी?"

मग ती नवी खोली झाली. ऑपरेशनची खोली आणि मशीन शेजारी शेजारी, मधे सरकतं दार. डोकं उघडं असतानाच मुलाला टेबलासकट आत सरकवायचं, चित्र काढायचं, काही उरलं असेल तर तिथल्या तिथे पुन्हा काढायचं आणि मगच शिवायचं. लोहचुंबकाशेजारी सुऱ्या-कात्र्यांचं काम! दार उघडण्याआधी अवजारन् अवजार मोजून बाजूला झालं पाहिजे, आणि ते बघायला डॉक्टरांना ताई हव्या होत्या. ताईंनी साफ नकार दिला. म्हणाल्या, मला बाहेरच राहू द्या, आता नवीन जमायचं नाही.

"तुला न जमणारं अजून जन्माला यायचंय," हे म्हणाले.  मला मात्र नकाराचं कारण ठाऊक होतं.

त्यातच 'वकील' आला. आठ वर्षांचा मुलगा, चालता चालता पडायचा. प्रत्येक गोष्टीला उलटा प्रश्न, म्हणून वकील. चित्र काढून झाल्यावर उठून बसला आणि म्हणाला,

"मावशी, इथे तू पाय धरलास. ऑपरेशनला कोण धरणार?"

"तिथे डॉक्टर असतात ना."

"डॉक्टरांचे हात डोक्यात असणार. मी पायाचं विचारतोय."

"अरे..."

"तू येणार का? हो की नाही, एवढंच सांग."

ताईंच्या तोंडून "येईन" निघून गेलं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी सगळ्या फळ्या रिकाम्या केल्या.

"उद्या सांगते त्याला, नाही जमणार म्हणून," डबा घासत त्या म्हणाल्या.

"सांगा की."

"सांगितलं आणि तो शुद्धीवर आला, तर काय म्हणेल ते मला पाठ आहे."

"मग जा."

"आणि गेले, आणि तो शुद्धीवर आलाच नाही तर? एका हातात एक आहे. दुसऱ्या हातात दुसरं घेऊन मी जेवू कशाने गं?"

"मी भरवीन," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा पाटीसारखा राहिला नाही. मग नाक ओढून म्हणाल्या, "तुझ्या हातचं मीठ जास्त असतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या खोलीसाठी होकार कळवला.

ऑपरेशनच्या दिवशी मी सकाळपासून देवापुढून हलले नाही. काय झालं ते ताईंनी नंतर सांगितलं. अवजारं मोजून झाली, दार सरकलं, मुलाचं टेबल आत आलं. तो गाढ भुलीत. नळ्या आणि वायरी अंगाला टेकल्या तर मशीनमध्ये तापतात, म्हणून डाव्या हाताने त्या उचलून धरल्या आणि उजवा हात हिरव्या चादरीखाली घालून त्याचं उजवं पाऊल धरलं. गार होतं, जड होतं. ठकठक सुरू झाली. थांबली. काचेपलीकडे डॉक्टरांनी एक बोट वर केलं: उरलंय.

"सरकारच्या वेळी होतं अगदी तसंच," ताई म्हणाल्या. "अगदी तेवढंच."

पण या वेळी डोकं उघडंच होतं. टेबल मागे गेलं, डॉक्टरांनी पुन्हा काम केलं, टेबल पुन्हा आत आलं. पुन्हा डाव्या हातात वायरी, उजव्यात पाऊल. ठकठक थांबल्यावर ताईंना काचेकडे बघवेना. बघितलं तेव्हा डॉक्टरांनी पंजा सपाट करून हवेत फिरवला, टेबल पुसावं तसा. काही नाही. स्वच्छ.

वकील काही दिवसांनी नीट बोलायला लागला तेव्हा ताई त्याला भेटायला वॉर्डात गेल्या. त्याची आई उशाशी बसली होती.

"आलीस तू," तो म्हणाला.

"म्हटलं होतं ना, येईन."

"दोन्ही पाय धरलेस."

"एकच रे राजा. दुसऱ्या हातात वायरी होत्या."

"दोन्ही. उजव्यावर तुझा हात. डाव्यावर छोटा होता."

"भुलीत वाटतं तसं," त्याची आई हसून म्हणाली. "स्वप्न पडलं असेल."

"मी खोटं कशाला बोलू? मला काय मिळणार त्यात?" वकील चिडला. "छोटा होता. मधेच सोडायचा, परत धरायचा. तुझ्यासारखं नाही येत त्याला. शिकाऊ असणार."

भूल देणाऱ्या डॉक्टरांना ताईंनी विचारलं. ते म्हणाले, बाई, त्या अवस्थेत काही म्हणजे काही कळत नाही. तेही खरंच असेल. मी फक्त जे सांगितलं गेलं ते लिहिते आहे.

त्या संध्याकाळी ताई आल्या, डब्यांना हात लावला नाही. मी दिवा लावला. मुलं आली, हात जोडले, पळाली. मी मान वर केली तर कोपऱ्यात ताईंचे दोन्ही हात जोडलेले होते. इतकी वर्षं हेच मागितलं होतं मी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी काहीतरी बोलणार तेवढ्यात त्यांनी हात सोडवले, उजवा तळहात दिव्याच्या उजेडात धरला, उलटसुलट करून बघितला.

"आज नाही आलं गं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही आलं नाही. त्यानंतरही नाही. त्या पहिल्या संध्याकाळी वहीत मी एवढंच लिहिलं, ताईंनी हात जोडले, आणि पुढे हात चालला नाही. ताई आता दिव्याच्या वेळी हात जोडतात, पण लगेच सोडतात आणि उजवा तळहात पूर्ण उघडून मांडीवर ठेवतात. कोपऱ्याकडे बघायची आता मला भीती वाटत नाही. तो कोपरा नुसताच कोपरा झालाय, आणि तेच मला बघवत नाही. दिव्यापुढे उभी राहिले की जुनं मागणं तोंडाशी येतं आणि तिथेच थांबतं. काय मागू? येऊ दे म्हणू, की नको म्हणू?

नवी खोली आता ताईंचीच झाली आहे. मुलं शुद्धीवर आली की त्या प्रत्येकाला विचारतात, "दोन्ही पाय ठीक होते ना?" मुलं म्हणतात, हो. त्यापलीकडे अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

परवा भाजी निवडताना त्या मला म्हणाल्या, "एक सांगू? हसू नकोस. टेबल आत सरकवायच्या आधी मी चादर सारखी करते ना, तेव्हा डाव्या पावलावरची थोडी वर सारून ठेवते."

"का हो?"

"हात लहान आहे तिचा," ताई म्हणाल्या. "चादर जड असते."